चौफुला : लावणीची धाकटी राजधानी

पुणे-सोलापूर रस्त्याने नेहमी जाणाऱ्या माणसाला चौफुला ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. न्हावरे-केडगावकडून सुप्याकडे जाणारा रस्ता येथे महामार्गाला छेदतो, म्हणून हा चौफुला. नकाशात पाहिले तर नुसता एक ठिपका. परंतु लावणीच्या जगात या ठिपक्याला एखाद्या राजधानीचे महत्त्व आहे. तमाशाच्या फडांची पंढरी नारायणगाव. तसे संगीत बारीचे नाव निघाले की पुण्याचे आर्यभूषण थिएटर, मोडनिंब, जामखेड यांच्या बरोबरीने चौफुल्याचे नाव येतेच. पेशव्यांचे पुणे ही लावणीची थोरली राजधानी मानली, तर आमच्या केडगावच्या शेजारचा चौफुला ही धाकटी राजधानी म्हणायला हरकत नसावी.

आणि तरीही गंमत अशी, की बाहेरगावच्या कोणी गाव विचारले आणि आपण ‘केडगाव, चौफुल्याजवळ’ असे सांगितले, की समोरच्याच्या ओठांवर एक विशिष्ट हसू उमटते. आमच्या भागातील प्रत्येकाने, विशेषतः प्रत्येक मुलीने, हे हसू पाहिलेले आहे. कॉलेजच्या अंकासाठी मी या विषयावर लिहिणार असे सांगितले, तेव्हा मैत्रिणींनीही ‘दुसरा विषय नाही का मिळाला?’ असे विचारले. वर्तमानपत्रात चौफुला येतो तो बहुधा भांडणाच्या किंवा पोलिसी कारवाईच्या बातमीत. तेथे गाणे आहे, त्या गाण्याला काही शिस्त आहे, घराणे आहे, अर्थशास्त्र आहे, ही गोष्ट त्या हसण्यात बुडून जाते. ती थोडी वर काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. तमाशा आणि संगीत बारी यांना आपण सरसकट एकच समजतो. वस्तुतः ही दोन निराळी घरे आहेत. तंबू ठोकून यात्रा-जत्रांतून हिंडतो तो ढोलकी-फडाचा तमाशा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो; शाहीर असतो, सोंगाड्या असतो, पुरुष-स्त्रिया मिळून पुष्कळ माणसे असतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या फडाच्या परंपरेतील. संगीत बारीत वग नाही, सोंगाड्या नाही. तेथे आहे फक्त गाणे, नाच आणि अदा. फड गावोगाव जातो. बारी एका थिएटरात मुक्काम करते आणि रसिक तिच्याकडे येतो. आजकाल या थिएटरांना ‘कला केंद्र’ म्हणतात.

बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक ‘पार्ट्या’ एकाच वेळी मुक्कामाला असतात. पार्टी म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचा आणि त्यांच्या साथीदारांचा संच. पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला हे बहुधा पुरुष. परंतु पार्टीची मालकीण बाई असते, आणि पार्टी ओळखली जाते ती तिच्याच नावाने. प्रत्येक पार्टी आपल्या पाळीप्रमाणे रंगमंचावर येते, प्रथम मुजरा करते, मग लावण्या सादर करते आणि पुढच्या पार्टीला जागा देते. थिएटरचा मालक जागा, परवाना आणि तिकिटे सांभाळतो. रसिक गाण्याची फर्माईश करतो आणि खुश होऊन पैसे देतो, ती ‘दौलतजादा’. हे पैसे पार्टीचे. त्यातून मालकीण, नाचणाऱ्या, गाणारी आणि साथीदार यांचे हिस्से निघतात.

ही माहिती मला कशी मिळाली, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझी आई चौफुल्याला शिवणकाम करते. पार्टीतल्या बायका तिच्याकडे ब्लाऊज टाकायला आणि नऊवारी शिवून घ्यायला येतात. कपड्यांच्या मापाबरोबर गप्पा चालतात आणि शाळेत असल्यापासून काजे-बटणे करीत मी त्या ऐकत आले. त्यांतील एक वयस्क मावशी, ज्यांनी नाच कधीच सोडला व आता पार्टीत मागे बसून गातात, त्यांनी या लेखासाठी मला पुष्कळ वेळ दिला. नाव घालू नकोस, असे त्यांनी बजावल्यामुळे त्यांचा उल्लेख मी नुसता ‘मावशी’ असाच करणार आहे.

आता गाण्याकडे वळू. लावणीचा जन्म नेमका कोठे झाला यावर अभ्यासकांत वाद आहेत. परंतु तिच्या भरभराटीचा काळ म्हणजे उत्तर पेशवाई, याविषयी वाद नाही. त्या काळच्या शाहिरांची नावे आपण दहावी-बारावीत पाठ केली. परंतु ती कोणाकोणाची होती याकडे लक्ष दिले नाही. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. आणि हे सगनभाऊ तर आपल्या शेजारच्या जेजुरीचे. एवढ्या निरनिराळ्या जातींची माणसे त्या काळी एकाच प्रकारची कविता रचीत होती आणि एकमेकांशी चुरस करीत होती, असे दुसरे उदाहरण संतांखेरीज मराठीत क्वचितच सापडेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दरबार गेला, बिदागी गेली. दरबारावर जगणारी कला दरबाराबरोबर मरायची. परंतु लावणी मेली नाही. ती बाजारपेठांच्या गावी, यात्रांना, रस्त्यांच्या नाक्यावर गेली आणि सामान्य माणसाच्या खिशातल्या पैशावर जगू लागली. चौफुल्यासारखी ठिकाणे का उभी राहिली, याचे उत्तर यातच आहे. एकीकडे महामार्गाची अखंड वर्दळ, दुसरीकडे उसाचा आणि कांद्याचा पट्टा. केडगाव-पाटस भागात गुऱ्हाळे आहेत, साखर कारखाना आहे, केडगावचा कांद्याचा बाजार आहे. ज्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते, त्या दिवशी चौफुल्याला गर्दी होते. पुस्तकात आपण ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ असे शब्द वाचतो. त्यांपैकी दुसऱ्याचा अर्थ मला येथे समजला. लोकाश्रय म्हणजे उसाचे बिल.

मला या कलेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती हीच, की ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. तिला कोणा कंपनीचा करार नाही, अनुदानाची खात्री नाही, विद्यापीठाची पदवी नाही. शहरातली मुले हल्ली स्वतः गाणी रचून, कोणा निर्मात्याची वाट न पाहता सादर करतात आणि त्याला मोठ्या कौतुकाने ‘स्वतंत्र संगीत’ म्हणतात. कौतुक योग्यच आहे. परंतु नाचणाऱ्या बायकांनी स्वतःची मंडळी बांधावी, साथीदार नेमावेत, हिशेब ठेवावा आणि रोज रात्री समोरच्या माणसाच्या पसंतीवर आपली भाकरी मिळवावी, हा प्रकार आमच्या नाक्यावर कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याला मात्र कोणी स्वतंत्र संगीत म्हणत नाही. ‘नाच’ म्हणून मोकळे होतात.

यात नुसता नाच नाही, हे पटवण्यासाठी बैठकीच्या लावणीचे उदाहरण देते. फडावरची लावणी द्रुत असते. ढोलकीची थाप आणि पायांतले चाळ यांची जुगलबंदी हा तिचा प्राण. बैठकीची लावणी संथ. बाई बसून गाते आणि नुसत्या डोळ्यांनी, मानेने, हाताच्या बोटांनी अर्थ सांगते. यालाच अदा म्हणतात. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते. मावशींनी मला हे एका शब्दावर दाखवले. समजा, गाण्यात नुसता ‘या’ एवढाच शब्द आहे. उशिरा आलेल्या नवऱ्याला म्हटलेला ‘या’ वेगळा. नको असलेल्या पाहुण्याला म्हटलेला वेगळा. ज्याची आशा सोडली होती, तो अचानक दारात उभा राहिला तर तोंडातून निघतो तो आणखी वेगळा. शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून, टाचण्यांची डबी मांडीवर घेऊन, मावशींनी तो शब्द सात तऱ्हांनी गाऊन दाखवला. आईने यंत्र थांबवले होते. सातव्या वेळी त्यांनी शब्द उच्चारलाच नाही, फक्त वर पाहिले. आणि तोही ‘या’ आम्हाला ऐकू आला.

हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. लहानपणापासून मागे बसून ऐकायचे, टाळ्या धरायच्या, मग चाळ बांधायचे आणि पाय मोडला तरी ठेका मोडायचा नाही, असा हा अभ्यासक्रम आहे. केरव्याच्या आठ मात्रा किंवा दादऱ्याच्या सहा मात्रा मावशी बोटांवर मोजीत नाहीत. त्या त्यांच्या चालण्यात असतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. कथकचे पंडित बिरजू महाराज यांच्याबरोबर त्यांनी लावणी सादर केली. २०१८ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्या गेल्या. शास्त्रीय नृत्याचा एवढा थोर पंडित ज्या अदेपुढे बरोबरीच्या नात्याने बसला, ती अदा आणि चौफुल्याच्या बारीतली अदा ही एकाच विहिरीचे पाणी आहे.

मग या कलेची प्रतिष्ठा का गेली? याचे उत्तर एका वाक्यात देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. पुढे अटी घालून ती उठवली. याच सुमारास मराठी चित्रपटाने लावणीला उचलले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) यांची गाणी घराघरांत पोचली. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातल्या लावण्या रेडिओवर आमच्या आजीनेही ऐकल्या. म्हणजे लावणी घरात आली; परंतु लावणीवाली बाहेरच राहिली. पडद्यावरची लावणी कला आणि थिएटरातली लावणी चैन, अशी वाटणी होऊन गेली.

याला दुसरी, अधिक कडू बाजू आहे आणि ती झाकून ठेवून केलेले कौतुक खोटे ठरेल. बारीतल्या बहुतेक स्त्रिया कोल्हाटी व तत्सम मोजक्या जमातींतून आलेल्या असतात. ज्या मुलीने चाळ बांधले तिचे लग्न होत नसे. घरातले भाऊ-बाप तिच्या कमाईवर जगत. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना हे निराळे सांगायला नको. लेखकाच्या नावात बापाच्या जागी आईचे नाव आहे, त्यातच सारी कथा येते. तेव्हा बारीतली बाई स्वतंत्र आहे, असे म्हणताना शब्द जपून वापरावा लागतो. तिच्या हातात हिशेबाची वही आहे हे खरे. परंतु ती वही तिने निवडली होती का, हा प्रश्न उरतोच. मावशींना मी हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “पोरी, निवडायला दुकानात दोन रंगाचं कापड लागतं. आमच्या येळंला एकच होतं. पण एक सांगते, त्या एकाच कापडाचं म्यां चांगलं शिवलं.”

या संदर्भात आमच्या केडगावची दुसरी ओळख आठवते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि विधवा यांना आणून वसवलेले ‘मुक्ती’ केडगावलाच आहे. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर येथीलच छापखान्यात छापले गेले आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे तेथल्या मुलींनी केली. रमाबाईंना बारी पसंत पडली असती, असे मी मुळीच म्हणणार नाही. किंबहुना त्यांनी या मुली तेथून बाहेर काढण्याचाच प्रयत्न केला असता. परंतु एकाच पंचक्रोशीत, नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावावाचून जगणाऱ्या बायकांच्या दोन वसाहती उभ्या राहिल्या. पैकी एकीचा आम्ही अभिमान सांगतो आणि दुसरीजवळून जाताना एस. टी.च्या खिडकीतून तोंड फिरवतो. दोन्हींबद्दल विचार मात्र कोठेच करीत नाही.

आज बारीपुढे जे संकट आहे ते बंदीचे नाही. ते कानांचे आहे. जे मागितले जाते तेच गायले जाते, हा दौलतजाद्याचा नियम. पूर्वीचा रसिक, मावशींच्या म्हणण्याप्रमाणे, लावणीचा अंतरा चुकला तर टोकणारा होता. आताचा रसिक चित्रपटातले ताजे गाणे मागतो. ‘नटरंग’ (२०१०) आल्यानंतर कितीतरी दिवस त्यातल्याच गाण्यांची फर्माईश होती. पुष्कळांना तर जिवंत पेटी-तबल्याचीही गरज वाटत नाही; मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रित गाणे लावले की काम भागते. ज्या लावणीला फर्माईश नाही, ती गायली जात नाही. जी गायली जात नाही, ती मुलींना ऐकायला मिळत नाही. आणि ऐकल्यावाचून शिकण्याची तर सोय नाही. अशा रीतीने एकेक लावणी कोणाच्याही लक्षात न येता जाते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि थिएटरे बंद पडली, तेव्हा पार्ट्या आपापल्या गावी गेल्या. आईच्या दुकानात त्या काळात नऊवारीऐवजी मास्क शिवले जात होते. थिएटरे पुन्हा उघडली, परंतु काही साथीदार परत आले नाहीत. कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीचा गाडा लावला. ज्या दिवशी जुना पेटीवाला जातो, त्या दिवशी त्याच्याबरोबर शेदीडशे चालीही जातात.

आशेच्या जागा नाहीत असे नाही. अकलूजला १९९३ पासून लावणीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पारंपरिक लावणीला पुन्हा कुटुंबासह बसून पाहणारा प्रेक्षक मिळाला. विठाबाईंच्या नावाने महाराष्ट्र शासन ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिले आणि त्यावर आधारलेल्या रंगमंचीय कार्यक्रमात बारीतल्याच कलावंत स्त्रिया नाट्यगृहांतून, बायकांनी भरलेल्या प्रेक्षागृहापुढे लावणी सादर करू लागल्या. परदेशांतही असेच घडलेले दिसते. ब्युनोस आयरिस आणि मोन्तेव्हिदेओ येथील गरीब वस्त्यांत वाढलेला टँगो हा नाच एके काळी सभ्य घरांत निषिद्ध होता. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु कलेला मान मिळेपर्यंत ती जपणारी माणसे टिकतील का, हा खरा प्रश्न आहे. पुरस्कार एकीला मिळतो. गाणे पन्नासजणींनी धरून ठेवलेले असते.

आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? थिएटरात जाऊन बसा, असा उपदेश मी करणार नाही. मुलींना तर तेथे आजही जागा नाही. परंतु एक साधे काम आपल्या हातात आहे. आपण मराठीचे विद्यार्थी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचे पाठभेद अभ्यासतो. येथे कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर न लिहिलेल्या पोथ्या चालत्या-बोलत्या आहेत. त्यांच्याकडे बसून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन, लावण्या उतरवून घेता येतील. कोणती लावणी, कोणत्या चालीवर, कोणाकडून आली, कोणता अंतरा आता कोणी गात नाही, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीपासून एक दोनशेपानी वही सुरू केली आहे. आतापर्यंत मावशींकडून सव्वीस लावण्या लिहून घेतल्या. त्यांपैकी नऊ त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत कोणापुढे गायल्या नव्हत्या, कारण कोणी मागितल्याच नाहीत. त्यांनी अट एकच घातली आहे. लेखात त्यांचे नाव येऊ द्यायचे नाही. परंतु वहीत प्रत्येक लावणीखाली, ती त्यांना जिने शिकवली त्या बाईचे नाव लिहायचे. आडनाव त्यांना पुष्कळदा आठवत नाही. पार्टीचे नाव आणि गाव तेवढे आठवते. मी तेवढेच लिहिते.